तंबू, मुकुट आणि रस्ता

कॅलिप्सो म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना हॅरी बेलाफॉण्टे आठवतो. १९५६ साली आलेली त्याची 'कॅलिप्सो' ही तबकडी अमेरिकेत अफाट खपली हे खरे. पण तीमधले सर्वांत गाजलेले गीत जमैकातील केळी वाहणाऱ्या मजुरांचे आहे, ते कॅलिप्सो नव्हेच. कॅलिप्सो ज्या त्रिनिदाद बेटावर घडला तिथे तो टोमण्याचा, वादाचा आणि जाब विचारण्याचा काव्यप्रकार आहे, आणि तो वाढला स्पर्धेच्या आखाड्यात. स्पर्धेने काव्य बाटते, असे आपल्या वाङ्मयीन वर्तुळात गृहीतच धरले जाते. हे गृहीतक कॅलिप्सोच्या इतिहासावर घासून पाहायला हवे, असे आम्हांला वाटते.

कार्निव्हल त्रिनिदादला आणला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्णपणे सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी तो रस्त्यावर नेला. 'कलिंदा' या लाठीच्या द्वंद्वात प्रत्येक गटाचा एक अग्रगायक असे. आपल्या लढवय्याची थोरवी गाणे आणि प्रतिपक्षाची खिल्ली उडवणे हे त्याचे काम. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मशालींच्या 'कॅनबूले' मिरवणुकीवरून पोलिसांशी दंगल झाली. १८८४ च्या कायद्याने ढोल आणि लाठ्यांवर निर्बंध आले. लाठी मागे पडली, शब्द उरला. विसाव्या शतकाच्या आरंभी हे गायक तंबूत तिकीट लावून गाऊ लागले आणि फ्रेंच क्रिओलऐवजी इंग्रजीत रचू लागले. 'अटिला द हूण', 'रोअरिंग लायन', 'ग्रोलिंग टायगर' अशी दांडगी नावे धारण करणारे हे कवी उत्स्फूर्त कडव्यांनी एकमेकांवर तुटून पडत. तेव्हा चढाओढ या प्रकाराला बाहेरून चिकटलेली नाही. ती त्याची जन्मखूण आहे.

मग स्पर्धेने त्याला मवाळ केले काय? १९३४ च्या कायद्याने सरकारला गाण्यांवर अंकुश ठेवण्याचे अधिकार मिळाले होते. १९३७ मध्ये तेलक्षेत्रातील कामगारांचा उठाव झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, ग्रोलिंग टायगरने मुकुट जिंकला तो त्रिनिदादमधील कामगारांच्या स्थितीवरचे गीत गाऊन. १९५६ चा विजेता 'माइटी स्पॅरो' याला बक्षीस मिळाले अवघे ४० डॉलर. कार्निव्हलच्या सौंदर्यराणीला मात्र कितीतरी अधिक. पुढल्या वर्षी त्याने स्पर्धेवर बहिष्कार घातला आणि त्या बहिष्काराचेच गाणे केले. १९७८ साली 'कॅलिप्सो रोझ' जिंकली तेव्हा 'कॅलिप्सो किंग' हा किताबच बदलून 'कॅलिप्सो मोनार्क' करावा लागला. 'चॉकडस्ट' तर पेशाने शिक्षक. गाण्यांवरून शिक्षण मंत्रालयाने त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने उत्तरही गाण्यातूनच दिले. पुढे त्याने डॉक्टरेट मिळवली आणि २०१७ मध्ये नवव्यांदा मुकुट पटकावला.

आक्षेपाची दुसरी बाजूही आम्हांला मान्य आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत शब्द, चाल, गायन, सादरीकरण असे रकाने असतात; रकाने ठरले की रकान्यांत बसणारी गाणीही तयार होतात. सरकारी आश्रयाखालच्या अंतिम फेरीत सरकारवरची टीका हीसुद्धा एक अपेक्षित, म्हणून निरुपद्रवी, रीत होऊन बसण्याचा धोका असतो.

तरीही कॅलिप्सो या साच्यात पुरता अडकला नाही, कारण त्रिनिदादमध्ये निवाडा करणारे एकच पीठ नाही. परीक्षक क्वीन्स पार्क सव्हानाच्या रंगमंचावर मुकुट देतात. 'रोड मार्च' हा मान मात्र कार्निव्हलच्या दोन दिवसांत मिरवणुकांत सर्वाधिक वाजलेल्या गाण्याला मिळतो. 'लॉर्ड किचनर'ने रोड मार्च कितीतरी वेळा जिंकला, मुकुट केवळ एकदा, १९७५ मध्ये. बसून ऐकणाऱ्यांची आणि नाचत चालणाऱ्यांची रसिकता वेगवेगळी असू शकते, हे त्या समाजाने संस्थात्मक पातळीवर मान्य केले आहे. प्रकाराला नवे वळणही पुष्कळदा रस्त्यावरून मिळाले. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिट्या म्हणून गेलेल्या भारतीयांची, मुख्यतः भोजपुरी भाषकांची, ढोलक आणि धंताल ही वाद्ये 'लॉर्ड शॉर्टी'ने १९७० च्या दशकात कॅलिप्सोत आणली. कॅलिप्सो बिघडवल्याचा ठपका त्याच्यावर आला. पण त्यातून घडलेला 'सोका' आज रोड मार्चवर राज्य करतो.

म्हणून आमचे मत असे की, काव्याला घातक ठरते ती स्पर्धा नव्हे, तर एकाच परीक्षकमंडळाची मक्तेदारी. हे आम्हां अध्यापकांनाही लागू आहे. कारण अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका यांच्या रूपाने गुणांचे रकाने आम्हीच आखतो. आपल्याकडे नायपॉल अभ्यासला जातो. त्याच्या 'मिगेल स्ट्रीट'मध्ये (१९५९) पात्रे बोलता बोलता कॅलिप्सोच्या ओळी उद्धृत करतात. आपण त्या स्थानिक रंग म्हणून ओलांडून जातो. त्या ओळींमागचे कवी नावानिशी ज्ञात आहेत, त्यांच्या रचनांना साल आहे, प्रसंग आहे, प्रतिस्पर्धी आहे. त्यांना निनावी 'लोकगीता'च्या कप्प्यात न ढकलता कवी म्हणून वाचायला आपण केव्हा लागणार?