वळणाचा अंदाज शिकवणार कोण?

मंडळी, पोस्ट लांब आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण शेवटपर्यंत वाचून द्या.

'वळणाचा अंदाज न आल्याने दुचाकी रस्त्याखाली उतरली.' हे वाक्य पंचनाम्यातून बातमीत येतं, बातमीतून व्हॉट्सॲपवर जातं, आणि तिथं खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. इतकी वर्षं बातमीदारी करतोय, पण हा अंदाज माणसाला येतो तरी कुठून, असं विचारताना मी कुणालाच ऐकलं नाही. पोराला पहिल्यांदा विहिरीत उतरवताना आपण पाठीला डबा बांधतो. नवा गोऱ्हा जुंपायचा तर शेजारी मुरलेला बैल देतो. मोटारसायकल मात्र आपल्याकडं कुणी शिकवत नाही. चुलत्याची गाडी, मोकळं मैदान, 'हा क्लच, हा गेअर, सोड हळूहळू' एवढं झालं की पोरगं तयार. आठ दिवसांत तेच पोरगं मागं आई बसवून भोकरदन रोडला.

हे आज लिहितोय त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात आपल्या परिसरातली चार पोरं एका पडीक मैदानावर सकाळी सकाळी जुनी, हिरो होंडाच्या काळातली स्प्लेंडर घेऊन वळणं घ्यायचा सराव करत होती. चुन्यानं गोल आखलेला, हद्दीला प्लास्टिकच्या कापलेल्या बाटल्या, डोक्यात हेल्मेट. वेग एवढा की शेजारून सायकलवाला सहज पुढं जाईल. कुणीतरी लांबून मोबाईलवर शूटिंग केलं, 'टवाळखोरांचा स्टंट' असं लिहून ग्रुपवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना तिथून हाकललं. कुणी हाकललं त्याचं नाव इथं लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंय.

आता गंमत बघा. राजूर घाटात मोबाईल हातात धरून, मागच्याला उलटं बसवून रील काढणाऱ्यांचे व्हिडिओ याच ग्रुपवर येतात. त्याखाली 'भाऊ एकच नंबर' असतं. त्यांना कुणी हाकलत नाही. हेल्मेट घालून ताशी 20 नं गोल फिरणारा मात्र टवाळखोर! काहून? तर म्हणे, 'गाडी काय शिकाची असते का, गाडी आपोआप येते.'

आपोआप येते ती गाडी सरळ चालवणं. वळण आपोआप येत नाही.

हे माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्याचा अहवाल 1981 सालचा. त्यात अपघातातले 92 टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, दोस्तांकडून गाडी शिकलेले निघाले. दुसरं वाहन मध्ये नसताना जे अपघात झाले, त्यात चालकाची ठरलेली चूक म्हणजे वळणावर जास्त वेगानं येणं, मग घाबरून ब्रेक दाबून घसरणं, नाहीतर गाडी पुरेशी न कलवल्यामुळं वळणाबाहेर जाणं. चाळीस वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापारची गोष्ट. पण आपल्याकडचा कुठलाही पंचनामा काढून शेजारी ठेवा.

आपला हिशेब पाहिजे असेल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले 50,029. या आकड्यांत ट्रकनं उडवलेलेही आहेत, खड्ड्यानं पाडलेलेही आहेत, सगळे वळणावरचे नाहीत. पण सगळ्यात जास्त माणसं ज्या वाहनावर मरतात, तेच वाहन आपण सगळ्यात कमी शिकवतो.

'लायसन आहे ना त्याच्याकडं!' आहे की. लायसनला आठ काढावा लागतो. पहिल्या गेअरमध्ये, पाय टेकू न देता, चालण्याच्या वेगानं. त्यात तोल कळतो, ते चांगलंच आहे. पण चालण्याच्या वेगाला गाडी हँडल वळवून वळते आणि ताशी 40 ला गाडी कलून वळते. ही दोन वेगळी कामं आहेत. वेगात डावीकडं जायचं असेल तर डावं हँडल हलकंसं पुढं ढकलावं लागतं. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडं जातं आणि गाडी डावीकडं कलते. वाचायला उलटं वाटतं, पण तुम्ही रोज तेच करता, फक्त माहीत नसतं. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर राइटनं सायकलवाल्यांच्या बाबतीत हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

माहीत नसलं तर काय बिघडतं? रोज काहीच बिघडत नाही. बिघडतं ते वळण वाटलं त्यापेक्षा जास्त आवळत गेलं आणि समोर एसटी दिसली की. तेव्हा हात आखडतात, नजर एसटीवर चिकटते, आणि नजर जिकडं तिकडं गाडी. पाय मागच्या ब्रेकवर उभा राहतो, चाक जाम होतं, आणि डाव्या हातानं सवयीनं क्लच दाबलेला असतो, म्हणजे इंजिनची पकडही गेली. हे सगळं दोन सेकंदांत होतं. त्या दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही, हाताला जे वळण लागलेलं असतं तेच हात करतो. म्हणून सराव लागतो.

आता चुन्याच्या त्या गोलाचं गणित सांगतो, ज्याला स्टंट म्हणताय त्याचं. 10 मीटर दोरी धरून आखलेल्या गोलात ताशी 20 नं गाडी फिरवली तर ती साधारण 17 अंश कलते. 30 मीटर त्रिज्येच्या रस्त्यावरच्या वळणात तेवढीच कलायला वेग ताशी 35 च्या आसपास लागतो. म्हणजे रस्त्यावर 35 ला जी भीती वाटते ती मैदानात 20 ला भेटते. समोर ट्रक नाही, खाली माती, पडलं तर गुडघा खरचटतो. त्याच 30 मीटरच्या वळणात 40 नं गेलात तर गाडी 22-23 अंश कलावी लागते, आणि 60 नं गेलात तर 43 अंश. वेग दीडपट झाला की टायरवरचा ताण दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. 43 अंश हा शर्यतीच्या ट्रॅकवरचा मामला आहे. आपल्या घासलेल्या टायरचा, त्यातही कुणी रिमोल्ड टाकलेला असेल तर त्याचा, नाही. एवढं एक गणित दहावीच्या पोरांना फळ्यावर करून दाखवलं तरी चालेल. पण तिथं अजून 'समजा एक दगड दोरीला बांधून फिरवला' चालू आहे. तो दगड म्हणजे तूच आहेस बाबा, हे कुणी सांगत नाही.

जुन्या गाडीवरही लोकांचा आक्षेप. 'खटारा घेऊन काय शिकणार, शिकायचं तर नवीन गाडी घ्या.' मी म्हणतो, शिकायला खटाराच बरा. वीस-पंचवीस हजारात चालू स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना मिळते. वजनाला हलकी, टायर बारीक म्हणून पटकन कलते, आणि इंजिनात दम कमी म्हणून अंगठा चुकला... माफ करा, मूठ चुकून पिळली तरी गाडी अंगावर येत नाही. पडली तर लिव्हर वाकतो, इंडिकेटर फुटतो, मेकॅनिक शंभर-दोनशेत भागवतो. नव्या हप्त्याच्या गाडीवर पोरगं पडायलाच घाबरतं, आणि पडायला घाबरणारा कलायला शिकत नाही. शिवाय 1 एप्रिल 2019 पासून नव्या 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांना, म्हणजे आपल्याकडं रस्त्यावर पळणाऱ्या कितीतरी गाड्यांना, यातलं काहीच नाही. ड्रम ब्रेक दाबला तर थांबेल, जास्त दाबला तर चाक जाम. मग ज्या गाडीवर लोक रोज जगतात त्याच गाडीवर शिकायला नको का?

मात्र जुनी म्हणजे मोडकी नव्हे. कोनसेट ढिला असेल तर हँडल वळणात डुलतं. मागच्या स्विंग आर्मचे बुश गेले असतील तर गाडी मागून शेपटी हलवते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. सैल आरे, लोंबती चेन, अर्धी हवा. हे सगळं एका दुपारचं काम आहे. आरएक्स 100 ला तिच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून सायलेन्सर बदलणारे आपले शौकीन कोनसेटचं नाव काढलं की 'नंतर बघू' म्हणतात. आवाज लांबपर्यंत जातो, कोनसेट कुणाला दिसत नाही.

आणखी एक रोग. घाट उतरताना न्यूट्रल. पेट्रोल शंभरच्या वर आहे, कबूल. पण राजूर घाट असो की अजिंठ्याहून फर्दापूरला उतरणारा घाट, न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीला धरून ठेवायला फक्त ड्रम ब्रेकचे लायनर उरतात. ते तापले की ब्रेक दाबूनही गाडी ऐकत नाही. मागं दोन माणसं आणि मांडीवर पिशवी. चार रुपयांचं पेट्रोल वाचलं. उतारावर गेअर खाली घ्यायचा, वेग वळणाच्या आधी मारायचा, वळणात मूठ अगदी हलकी धरून ठेवायची, आणि नजर वळणाच्या शेवटाला. एवढंच शिकायचंय. दोन रविवार पुरतात.

'आणि रस्त्यांचं काय? तुम्ही पोरांवरच घसरता, ठेकेदाराला सोडून देता.' सोडत नाही. नियमानं मैदानी भागात वळणाचा बाहेरचा अंग 7 टक्क्यांपर्यंत उचलता येतो, म्हणजे गाडी आत ढकलली जाते. आपल्याकडं काही वळणं अशी आहेत की पाणी बाहेरच्या बाजूला वाहतं. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खाली. त्यावर लिहितोय आणि लिहीत राहणार. पण दिवाळीच्या आधी अर्ध्या रस्त्यावर मका आणि सोयाबीन कोण वाळत घालतं? ठेकेदार घालतो का? पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती वळणावर कोण आणून टाकतं? सोयाबीनच्या दाण्यांवर चाक म्हणजे गोट्यांवर चाक. रस्ता उद्या सुधारला तरी ही माती पुढच्या पावसाळ्यात येणारच, आणि आपल्याच घरचं पोरगं तिच्यावरून जाणार.

शिकायचं फक्त पोरांनी असंही नाही. दोन कॅन लावून पहाटे निघणारा दूधवाला घ्या. अर्धा भरलेला कॅन वळणात आतून हेलकावतो आणि गाडी दोनदा कलते. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शाळेवर जाणाऱ्या मॅडम स्कुटीवर रोज तीच वळणं पार करतात. त्यांना तर 'हळू चालवत जा' यापलीकडं कुणी काहीच सांगितलेलं नाही. होळीच्या वेळी सैलानीच्या यात्रेला ट्रिपल सीट निघणाऱ्या गाड्या आठवा. मागच्याला एवढंच माहीत असलं की वळणात चालवणाऱ्याच्या खांद्यावरून आतल्या बाजूला बघायचं आणि उलटं अंग टाकायचं नाही, तरी अर्धं काम होतं. तिसऱ्याला काय सांगावं? उतर, एवढंच.

मोठ्या शहरातल्या पोरांसाठी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर वळणाचे वर्ग भरतात, महागड्या गाड्या, चामड्याचे सूट. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चामड्याच्या सूटवाला महिन्यातून एकदा हौस म्हणून कलतो आणि आपला माणूस रोज पोटासाठी कलतो.

म्हणून मागणी साधी आहे. आठवड्यातून एक सकाळ, दोन तास, एक मैदान. शाळेचं असो, बाजाराचं असो, पडीक असो. अठरा पूर्ण आणि लायसन किंवा लर्निंग हातात असलेल्यालाच प्रवेश. अल्पवयीन पोराला गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळं 'आमचा सोळाचाय पण चांगली चालवतो' म्हणत कुणी येऊ नका. हेल्मेट, बूट, फुल पँट. चप्पलवाल्यानं चुना टाकायला मदत करावी. एका वेळी गोलात एकच गाडी. मोबाईल खिशात. कुणी रील काढायला आला तर त्याला आपणच हाकलू.

गावातले एक मेकॅनिक रविवारी सकाळी यायला तयार आहेत, कोनसेट आणि ब्रेक फुकट बघून देतो म्हणालेत. शेजारच्या गावचे सैन्यातून निवृत्त झालेले एक काका शिकवायला तयार आहेत, त्यांनी आयुष्यभर डोंगरात गाड्या चालवल्यात. ती चार पोरंही येतील, त्यांच्या घरी मी स्वतः बोललोय. एकाचे वडील म्हणाले, 'पुन्हा कोणी व्हिडिओ टाकला तं?' मी म्हणालो, टाकू द्या, यावेळी पोस्ट मी आधी टाकतो.

राहिलं मैदान. ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी या आठवड्यात कळवावं. चुना माझ्याकडून.