कार्ड हाती आले, अर्थ पोहोचला काय?

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ऐकू येणारी माणसेही हातवारे करून बोलतात. कारखान्याबाहेर येताच ती शब्दांकडे वळतात. कर्णबधिर बंधुभगिनींना मात्र ही मुभा नाही. खुणांची भाषा हीच त्यांची भाषा, आणि रुग्णालयाच्या खिडकीपाशी नेमकी तीच कोणाला येत नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा व ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. कर्णबधिर कुटुंबेही तिचे हक्कदार आहेत. परंतु ही रक्कम माणशी नव्हे, तर संपूर्ण कुटुंबास वर्षाकाठी मिळते; तीही संलग्न रुग्णालयात व यादीतील उपचारांसाठीच. नियोजित शस्त्रक्रियेस पूर्वमंजुरी लागते. हे समजावण्यास रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पण तो तोंडी सांगतो. निःशुल्क दूरध्वनीही ऐकणाऱ्याच्याच उपयोगाचा.

राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आपल्यालाही आहे, असा काहींचा समज असतो. ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी आहे. केवळ कर्णबधिरत्व तिच्यात बसत नाही.

मग छापील पत्रक द्यावे काय? सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे. अनेक कर्णबधिरांना मराठी वाचन अवघड जाते. ‘विमा’ हा शब्द अक्षरांनी दाखवून भागत नाही, उदाहरण द्यावे लागते: यंदा एका शस्त्रक्रियेवर दोन लाख खर्च झाले, तर कुटुंबासाठी वर्षभर तीन लाख उरले.

बहुधा घरातील ऐकणारे मूलच दुभाषी होते. आईच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया दहा वर्षांच्या मुलीने समजावून सांगावी, हे आम्हांस अनुचित वाटते. अशाने आईची संमतीही खरी ठरत नाही आणि तिची लाजही राखली जात नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने ‘संवाद’ या संज्ञेत सांकेतिक भाषेचा समावेश केला आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पासून दहा हजार संज्ञा आहेत. साधने आहेत, रुग्णालयात दुभाषी हवा. तो मिळेपर्यंत, वाचकहो, प्रत्येक धर्मग्रामातील दोघा-तिघांनी ही भाषा शिकावी, आणि कर्णबधिर शेजाऱ्याकडे आजारपण येण्याआधीच जाऊन शिधापत्रिका, ओळखपत्र व जवळचे संलग्न रुग्णालय यांची माहिती त्याच्या भाषेत द्यावी.