पूर्णेचा उकार

दिवाळी आली की आपल्या घरांतून ठिपके मोजले जातात. अंगणात ठिपक्यांची रांगोळी असते, आणि कित्येक घरांच्या भिंतीवर आजही आजीने दोसुतीच्या कापडावर टाके मोजून काढलेले ‘सुस्वागतम्’ चौकटीत लावलेले आढळते. जिने एकदा अशी घरे मोजून अक्षर काढले आहे, तिला ‘पिक्सेल फाँट’ म्हणजे काय हे निराळे शिकवायला नको. जुन्या संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे अशीच असत. चौकोनी घरांची जाळी, त्यांत काही घरे भरलेली, काही रिकामी! आणि प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीची जागा.

सारखी रुंदी कशासाठी? तर वाण्याच्या वहीत जशी एकमखाली एकम, दहमखाली दहम अशी रांग उभी राहते, तशी ओळीखाली ओळ सरळ उभी राहावी म्हणून. ही शिस्त टंकलेखन यंत्राची. एक कळ दाबली की कागद एक पाऊल सरके. अक्षर रोड असो की लठ्ठ, पाऊल तेवढेच. इंग्रजीला हे सोयीचे. आपल्या नागरीला मात्र युक्ती करावी लागली. उकार-मात्रांच्या कळांनी कागद सरकत नसे, म्हणून त्या अक्षराच्याच घरात बसत. रेमिंग्टन पद्धतीच्या नागरी कळफलकात ‘भ’ आणि ‘ण’ एका कळीत येत नाहीत. आधी अर्धे अक्षर, मग काना. म्हणजे आमच्या ‘परभणी’तली दोन अक्षरे दोन-दोन घरे अडवून बसतात!

हे सगळे आठवायला निमित्त झाले माझ्या बहिणीच्या मुलाचे. त्यांचे दुकान पूर्णा येथे. लक्ष्मीपूजनाला दुकानावर इवल्या दिव्यांची सरकती पाटी लावायची, तीही स्वतः तयार करून, असा चिरंजीवांचा बेत. आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट दिव्यांचे तुकडे त्याने ओळीने जोडले. ‘हॅपी दिवाळी’ इंग्रजीत झोकात उमटली, कारण इंग्रजी अक्षर पाच घरे रुंद, सात घरे उंच एवढ्यात सुखाने मावते. मग त्याने गावाचे नाव मराठीत काढले आणि अडला.

“मावशी, आठ रांगांत बसतच नाही गं,” तो म्हणाला.

मी चौकटीचा कागद घेतला. एक रांग शिरोरेषेची, अक्षराच्या अंगाला निदान पाच. उरल्या दोन, एक वर आणि एक खाली. एका रांगेत रफार वळणार कसा? त्याचा नुसता ठिपका उरतो, म्हणजे अनुस्वार झाला. दीर्घ उकाराची शेपटीही तुटते, आणि तो ऱ्हस्व की दीर्घ हे कळेनासे होते. ‘पूर्णा’चे झाले ‘पुणां’!

“लोकांना कळतं तेवढ्यावर. पाटीला कोण एवढं निरखतं?” चिरंजीव म्हणाले. त्याचे वडील हिशेबाला पक्के. दुप्पट तुकडे घेणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते असे नाही, पण रुचणारे नव्हते. तरी तेच म्हणाले, “गावाचं नाव मोडून दिव्यांत लावायचं असेल, तर पाटीच नको.” मला मेव्हण्यांचे कौतुक वाटले. नदीचे, गावाचे नाव आहे ते. दिव्यांच्या काटकसरीसाठी त्याचा उकार का कापावा?

शेवटी तुकड्यांवर तुकडे चढवून सोळा रांगा केल्या. वर तीन रफार-वेलांटीला, एक शिरोरेषेला, आठ अक्षराला, खाली चार उकाराला. ‘ण’च्या तीन उभ्या रेघा आणि मध्ये दोन-दोन रिकामी घरे, अशी सात घरे झाली, आठवे श्वासापुरते. आणि ‘र’सारखे रोडके अक्षर? त्याच्या डोक्यावरची शिरोरेषा शेजाऱ्याला भिडवली की रिकामी जागा खुपत नाही. इंग्रजीला नसलेली ही सोय आपल्याला आहे.

१९८४ साली ‘मॅकिंटॉश’ संगणक निघाला, तेव्हा सुझन केअर या बाईंनी त्याच्यासाठी ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे काढली. त्यांतले ‘मोनॅको’ सारख्या रुंदीचे. त्या मंडळींनी या अक्षरांना आधी फिलाडेल्फियाजवळच्या एका लोकल मार्गावरील लहान स्टेशनांची नावे दिली होती. स्टीव्ह जॉब्झ यांना ती पसंत पडेनात. नावे जगप्रसिद्ध शहरांचीच हवीत, असा त्यांचा आग्रह. म्हणून पुढे ‘शिकागो’, ‘जिनिव्हा’ आली.

मला विचाराल तर लहान स्टेशनेच बरी होती! आज पडदे सूक्ष्म झाले, हवे तसे गोंडस अक्षर काढता येते. तरी तरुणांना त्या जुन्या ठोकळेबाज वळणाची पुन्हा गोडी लागली आहे. लागू द्या. पण कुणी तसे मराठी वळण घडवलेच, तर त्याला खुशाल ‘सेलू’ म्हणावे, ‘मानवत रोड’ म्हणावे. अट एकच. पहिला शब्द ‘पूर्णा’ काढून पाहावा. दीर्घ उकार, रफार आणि ‘ण’ तिन्ही ज्यात शाबूत राहतील, ते वळण मराठीचे.

तोवर सुट्टीत मुलांना चौकटीचा कागद द्या, आणि आपापल्या गावाचे नाव सोळा रांगांत बसवायला सांगा. एकही वेलांटी न कापता, बरे का!