आठवीनंतर मुलांची शाळा बदलावी काय?

उन्हाळा सरत आला म्हणजे जाम, समुद्रपूर व हिंगणघाट या टापूतील शेतकऱ्यांच्या घरी दरसाल एक प्रश्न उभा राहतो. मूल आठवी उत्तीर्ण झाले; आता हायस्कुलाकरिता त्यास आहे तेथेच ठेवावे, की दुसरीकडे घालावे? आमच्या जामवरून नागपूर-हैदराबाद हमरस्ता जातो व चंद्रपूरची वाट येथूनच फुटते. गाडीत बसले की कोठेही जाता येते. परंतु वाटा पुष्कळ झाल्या म्हणजे निवड सोपी होतेच असे नाही. या विषयी आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. शाळा बदलण्याचे कारण आपल्या मुलाच्या गरजेत असावे, शेजाऱ्याच्या पाहण्यात नसावे. आणि जो न्याय मुलास लावावयाचा, तोच मुलीस लावावा.

हा प्रश्न नेमका आठवीनंतरच का पडतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. सन १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सर्व देशात सात वर्षांचे शिक्षण मोफत व सक्तीचे असावे, ते मातृभाषेतून व्हावे आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफले जावे, असे त्या परिषदेने ठरविले. सक्तीचा कायदा साऱ्या देशास मिळावयास सन २००९ उजाडले, म्हणजे बहात्तर वर्षे लागली. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला व सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांस पहिली ते आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. शाळेतील दुपारचे जेवणही आठवीपर्यंतच आहे. नववीच्या उंबरठ्यावर कायद्याचा हात सुटतो आणि पुढील निर्णय आईबापांच्या शिरावर येतो. तेव्हा या वर्षी चूक झाली तर ती सावरून घ्यावयास पाठीशी कोणी उभे नसते.

असे असता हा निर्णय घेण्याची आपली रीत कशी आहे? हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणारा शेतकरी आपल्या मालाची प्रत पुरती ओळखून असतो. चिमटीत बोंड धरून तो धागा ताणून पाहतो, ओल किती हे हातानेच जोखतो, चार ठिकाणचा भाव विचारतो. तोच शेतकरी शाळा निवडतेवेळी दारातील कमान, मुलांच्या गळ्यातील टाय आणि शाळेची पिवळी गाडी पाहून भुलतो. पाटलाचा मुलगा गेला म्हणून आपला गेला पाहिजे, एवढेच कारण पुष्कळांस पुरते. कापसाचा धागा पाहावयाचा आणि शाळेचे गाठोडे पाहावयाचे, हा कोठला व्यवहार?

शाळेचाही धागा पाहता येतो. नववी-दहावीस गणित, विज्ञान व इंग्रजी शिकविण्यास कायम शिक्षक आहेत की वर्षात तीन बदलतात, हे विचारावे. पहिल्या आलेल्या चौघांची छायाचित्रे भिंतीवर असतात. ती पाहून फिरू नये. दोन वर्षांमागे नववीत किती मुले होती व त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेस बसली, हे विचारावे. ज्या शाळेत पन्नास दाखल होऊन तीसच परीक्षेस बसतात, तेथील निकाल शंभर टक्के असला तरी त्यात वीस मुलांचा हिशेब नाही.

दुसरी गोष्ट माध्यमाची. आठ वर्षे मराठीतून शिकलेल्या मुलास नववीत एकाएकी संपूर्ण इंग्रजी माध्यमात घालणे म्हणजे उभ्या पिकात वखर घालण्यासारखे होय. इंग्रजी यावयास हवे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु त्यासाठी सेमी-इंग्रजी वर्गाचा मार्ग आहे, जेथे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून चालतात. आणि तोही शक्य तर पाचवीपासून धरावा. माध्यम बदलावयाचे असेल तर दहावीच्या तोंडावर बदलू नये, एवढा नेम तरी अवश्य पाळावा.

तिसरी गोष्ट वेळेची. पहाटे उठून फाट्यावर उभा राहणारा व दिवेलागणीस परतणारा मुलगा उत्तम शाळेत जातो हे खरे. पण तो अभ्यास केव्हा करतो? दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणीचे दिवस असतात व घरातील प्रत्येक हाताची गरज पडते. जवळच्या शाळेतील मूल सकाळी तास दोन तास हातभार लावून शाळा गाठू शकते. दूरच्या शाळेतील मुलाची वेचणीत शाळा तरी बुडते किंवा झोप तरी बुडते. यास्तव प्रवासाचे तास मोजल्यावाचून शाळेची किंमत ठरवू नये.

चौथी गोष्ट पैशाची. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात व पेरणीही त्याच सुमारास येते. बियाणे, खत आणि शाळेचे शुल्क ही एकाच महिन्यात एकाच पिशवीतून द्यावी लागतात. पीककर्ज काढून शुल्क भरणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या पिकास खत कमी पडते आणि पुढल्या वर्षी शुल्कही थकते. याउलट सरकारची एक शिष्यवृत्ती अशी आहे की जिची माहिती आमच्या पुष्कळ बांधवांस नसते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा मूल आठवीत असतानाच द्यावयाची असते. आईबापांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांहून अधिक नसेल आणि मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात, म्हणजे एकूण ४८,००० रुपये. मात्र मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत शिकत असले पाहिजे. खासगी विनाअनुदानित शाळेत घालताच हा हक्क जातो. शाळा बदलण्यापूर्वी ही बाब अवश्य हिशेबात धरावी.

यावरून आम्ही गाव सोडण्याच्या विरुद्ध आहो असा कोणी समज करून घेऊ नये. डॉ. पंजाबराव देशमुख पापळसारख्या लहान गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. अमरावतीच्या हिंद हायस्कुलात गेले नसते तर पुढे विलायतेस जाऊन विद्वान होणे व देशाचे कृषिमंत्री होणे त्यांस घडते ना. सन १९३२ मध्ये त्यांनीच अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती बहुजनांच्या मुलांस आपल्याइतकी पायपीट पडू नये म्हणून, असे आम्ही समजतो. सातारा प्रांती कर्मवीर भाऊराव पाटलांनी शाळेबरोबर वसतिगृहे उभारली, कारण खेड्यातील मुलास वर्गाइतकीच निजावयास जागा व पोटास अन्न लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजही नवोदय विद्यालयात नववीस परीक्षेने थोड्या जागा भरतात व राहण्याजेवण्याची सोय सरकार करते. मुलात तेवढी हुशारी असेल आणि घर सोडून राहण्याची त्याची तयारी असेल, तर अशा संधीस आडवे येऊ नये.

आता मुलींविषयी. मुलास हिंगणघाटास किंवा नागपुरास घालावयाचे आणि मुलीस गावात शाळा आहे तोवर शिकवावयाचे, अशी वाटणी आमच्या भागात अजून होते. गावची शाळा आठवीस संपली की मुलीचे शिक्षणही संपते. कारण विचारले तर रस्ता पुढे करतात. हमरस्त्यावरील रहदारी आम्हीही पाहतो. काळजी खोटी नाही. परंतु तोच रस्ता मुलगाही ओलांडतो. ग्रामीण मुलींस बारावीपर्यंत एस.टी.चा पास विनामूल्य आहे. एका गावच्या चार-पाच मुली मिळून जातील आणि पाळीपाळीने एक पालक फाट्यापर्यंत जाईल, तर रस्त्याचे निमित्त उरत नाही. शाळेतून काढलेल्या मुलीच्या लग्नाच्या गोष्टी अठरा वर्षे पुरण्याआधीच सुरू होतात, हे सर्वांस ठाऊक आहे. सबब ज्या घरी दोघांपुरता पैसा नाही, त्या घराने मुलास महागड्या शाळेत न घालता दोघांस अनुदानित शाळेत घालावे. एकाने टाय बांधण्यापेक्षा दोघांनी दहावी होणे हे त्या घराचे अधिक कल्याण होय.

महसुली कचेरीत आमचे आयुष्य गेले, म्हणून कागदाविषयी एक शब्द. शाळा सोडल्याचा दाखला हाती घेण्यापूर्वी शाळेच्या रजिस्टरातील नाव, जन्मतारीख व जात ही जन्माच्या नोंदीशी व आधारपत्राशी ताडून पाहावी. मूल त्या शाळेत आहे तोवर दुरुस्ती सुलभ असते. दाखला घेतल्यावर ती फार जड जाते. पुढे जात पडताळणीच्या वेळी एका अक्षराच्या फरकापायी खेटे घालणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली.

शेवटी, ज्यास जावयाचे आहे त्यास विचारावे. चौदा वर्षांचे मूल लहान असते, पण मुके नसते. शिक्षक समजावून सांगतात काय, भीती कशाची वाटते, पुढे काय व्हावेसे वाटते, हे त्याजकडून शांतपणे ऐकून घ्यावे. येथे जे नाही ते तेथे खरोखर मिळत असेल, तर खुशाल शाळा बदलावी. नसेल, तर आहे तेथेच ठेवून तिच्या व्यवस्थापन समितीत जाऊन बसावे व गणिताचा शिक्षक मागावा. मध्येच सुटणाऱ्या मोठ्या शाळेपेक्षा दहावीपर्यंत नेऊन पोचविणारी लहान शाळा आम्ही केव्हाही श्रेष्ठ मानतो.