शेरा कोणाचा, पैसा कोणाचा?

प्रगतिपुस्तकावरील शेरा कसा वाचावा, हे जाणत्या पालकाला ठाऊक असते. 'प्रगती समाधानकारक' हा शेरा वर्गातील चाळीसपैकी अडतीस मुलांना मिळालेला असेल, तर त्यावरून एकाही मुलाविषयी काही कळत नाही. आणि परीक्षकाचे मानधन विद्यार्थ्याच्याच घरून येत असेल, तर त्याने दिलेले गुण कोणी विचारात घेणार नाही. शाळेच्या बाबतीत हे सारेच मान्य करतील. शेअर बाजारातील शेरे वाचताना मात्र भल्याभल्यांना याचा विसर पडतो.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. आपल्याकडील नोकरदार मराठी घराची बचत एके काळी पोस्ट, विमा आणि थोडेसे सोने यांपलीकडे जात नसे. आता तसे राहिलेले नाही. शेअर ठेवण्यासाठी लागणारी डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींच्या पुढे गेली. त्यांतली काही आपल्याही घरांतली आहेत. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आलेले वडील आणि भ्रमणध्वनीवर भाव पाहणारा मुलगा एकाच ओसरीवर बसलेले असतात. म्हणून हा विषय घरातलाच झाला आहे.

दलालपेढ्यांमधील विश्लेषक कंपन्यांचा अभ्यास करून 'खरेदी करा', 'राखून ठेवा' किंवा 'विका' असे शेरे देतात. यांतला तिसरा शेरा फार क्वचित आढळतो. त्यामागे दरवेळी लबाडीच असते असे नव्हे. 'विका' म्हणणाऱ्याशी कंपनीचे अधिकारी मोकळेपणाने बोलेनासे होतात, आणि कंपनीची भागविक्री हाताळण्याचे मोठे शुल्क मिळवू पाहणाऱ्या पेढीला तिला दुखवणे परवडत नाही. ज्याच्या घरचे ताट वाढलेले असते, त्याच्या स्वयंपाकाला कोण नावे ठेवील?

अमेरिकेत हे चव्हाट्यावर आले. तेथील इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा फुगा २००० साली फुटला, आणि पुढील चौकशीत काही विश्लेषकांचा खासगी पत्रव्यवहार उजेडात आला. ज्या शेअरांची ते जाहीरपणे भलामण करीत होते, त्यांनाच आपसात टाकाऊ म्हणत होते. एप्रिल २००३ मध्ये दहा मोठ्या वित्तसंस्थांनी सुमारे १४० कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवले. आपल्याकडे सेबीने २०१४ मध्ये विश्लेषकांसाठी नियम केले. कंपनीशी पेढीचे आर्थिक संबंध असतील, तर ते अहवालात सांगणे बंधनकारक झाले. ते सांगितलेही जातात, पण अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. शेरा मात्र पहिल्या पानावर ठळक असतो.

नव्या कंपनीची पहिली भागविक्री म्हणजे या साऱ्याची खरी कसोटी. पेटीएमचे उदाहरण ताजे आणि बोलके आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये या कंपनीने १८,३०० कोटी रुपयांची भागविक्री केली; तोवरची ती देशातील सर्वांत मोठी होती. त्यांपैकी १०,००० कोटी कंपनीच्या तिजोरीत जाणार नव्हतेच. ते आपला हिस्सा विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळणार होते. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीचे व्यवसायापासूनचे उत्पन्न सुमारे २,८०० कोटी आणि तोटा सुमारे १,७०० कोटी होता. तरीही विक्रीच्या भावाने तिचे मोल जवळजवळ १ लाख ३९ हजार कोटी, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या पन्नास पटींच्या घरात ठरले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, या म्हणीची आठवण व्हावी असाच हा हिशेब होता.

शेअरची किंमत २,१५० रुपये होती. निदान सहा शेअर घ्यावे लागत, म्हणजे १२,९०० रुपये. १८ नोव्हेंबरला बाजारात व्यवहार सुरू झाले आणि संध्याकाळी भाव १,५६० च्या आसपास आला. एका दिवसात साडेतीन हजार रुपये गेले. त्याच दिवशी मॅक्वायरी या पेढीने १,२०० रुपयांचा अंदाज देऊन प्रतिकूल शेरा मारला होता. अनेकांना तो कठोर वाटला. वर्षभराने भाव पाचशेच्याही खाली होता.

यावरून प्रत्येक नवी कंपनी पोकळ ठरते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. झोमॅटोचा शेअर जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना विकला गेला, पहिल्याच दिवशी शंभरापार गेला, वर्षभरात चाळिशीपर्यंत घसरला आणि २०२४ मध्ये दोनशेच्या वर चढला. टिकून राहिलेल्यांचा त्यात लाभ झाला. परंतु ७६ चे ४० होताना मुलीच्या शिक्षणाचे पैसे ज्याला काढावे लागले, त्याला हे पुढचे चढणे कधीच दिसले नाही. शेरा देणाऱ्याला आपली निकड ठाऊक नसते, आणि तिची झळही त्याला लागत नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. शेरा वाचण्यापूर्वी अहवालाचे शेवटचे पान वाचावे. भागविक्रीच्या माहितीपत्रकात जमणारा पैसा कोणाकडे जाणार, हे पाहावे. कंपनीला सर्वांत जवळून ओळखणारेच आपला हिस्सा विकत असतील, तर आपण तो कोणत्या आशेने घेत आहोत, हे स्वतःला विचारावे. नफा केव्हा होईल, याचे साध्या मराठीत उत्तर देता येत नसेल, तर थांबावे. विक्रीचा भाव विकणारा आणि त्याचे सल्लागार ठरवतात, आणि घाई नेहमी घेणाऱ्याला करायला लावतात. पहिल्या दिवशी न घेतलेला शेअर दुसऱ्या वर्षीही बाजारात मिळतो. निवृत्तीच्या दिवशी हाती आलेली रक्कम मात्र दुसऱ्यांदा मिळत नाही.