कृष्णद्रव्य एकाच कणाचे कशावरून?

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के दिसत नाही; तेच कृष्णद्रव्य. ते एकाच जातीच्या कणांचे आहे असे धरून बहुतेक हिशेब मांडले जातात, आणि प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या सुपरसिमेट्रीत हा मान बहुधा अशा भाररहित जोडीदारांपैकी सर्वांत हलक्या न्यूट्रॅलिनोला मिळतो. त्याच्या जोडीला ॲक्सिऑन हा आणखी एक कल्पित कणही असेल, असे कोणी म्हटले की पूर्वपक्ष ठरलेला: एकाने भागत असताना दुसरा कशाला? हा गौरवदोष झाला.

पण एकजिनसीपणाचा आग्रह कधीच मोडला आहे. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे जपानमधल्या सुपर-कामिओकांडेने १९९८ साली दाखवले. महास्फोटातून उरलेल्या न्यूट्रिनोंचा वाटा कृष्णद्रव्यात निदान अर्धा टक्का तरी निघतो. क्षुल्लक खरा, पण शून्य नव्हे.

शिवाय ॲक्सिऑन काही कृष्णद्रव्याचा हिशेब जुळवायला कल्पिलेला नाही. प्रबळ बल द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांत भेद का करत नाही, या कोड्यावर पेच्चेई आणि क्विन यांनी १९७७ मध्ये तोड सुचवली. तीतून असा कण निघतो हे पुढच्याच वर्षी वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी दाखवले. सुपरसिमेट्रीला बळ मिळाले ते हिग्ज बोसॉन इतका हलका का, या निराळ्याच कोड्यामुळे. लाघवाचा हट्ट धरणाऱ्याने यातले कोणते कोडे तसेच सोडायचे, ते सांगावे.

दुसरा आक्षेप धारदार आहे. कण सापडला नाही की त्याचा वाटा घटवायचा, ही पळवाट नव्हे काय? वाटा मनाला येईल तसा ठरवला, तर निश्चितच. पण हिग्जिनो जातीच्या न्यूट्रॅलिनोचा वाटा गणितातून येतो. तप्त विश्वात नेहमीच्या रीतीने घडलेला हिग्जिनो सुमारे १.१ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा असेल, तर एकटा सगळे कृष्णद्रव्य पुरवतो. वस्तुमान निम्मे केले की पुरवठा साधारण पाव. हिग्जचे वस्तुमान ओढाताणीविना समजावे म्हणून हॉवर्ड बेअर यांच्यासारखे अभ्यासक हिग्जिनो याहून बराच हलका मागतात. मग तूट येणारच.

तिचे परिणामही मोजता येतात. वाटा दहावा असेल, तर दक्षिण डाकोटातल्या एलझेड या शोधयंत्राच्या झेनॉनमध्ये टकरी दहापट कमी. कणजोड्या नष्ट होताना निघणारे गॅमा किरण मात्र शंभरपट कमी, कारण तिथे दोघे भेटावे लागतात. सर्नमध्ये ही सवलत नाही. तिथे कण नव्याने घडवायचा असतो, विश्वातला साठा कितीही असो. हलका हिग्जिनो तिथे नसलाच, तर ॲक्सिऑन त्याला वाचवणार नाही. सॅक्सिऑनच्या, म्हणजे ॲक्सिऑनच्या सुपरसिमेट्रीतल्या एका जोडीदाराच्या, उशिरा होणाऱ्या क्षयातून जादा न्यूट्रॅलिनो आणून तूट भरता येते, हे मान्य. पण ती सोय घेणाऱ्याला एलझेडच्या मर्यादेला पूर्ण वाट्यानिशी सामोरे जावे लागेल.