एका चाकावरचा तोल

एक चाक, चाकावर दांडा, दांड्यावर सीट आणि दोन्ही बाजूंना दोन पायडल. हँडल नाही, साखळी नाही, बहुधा ब्रेकही नाही. अशी एकचाकी सायकल नातवंडांच्या हट्टाने घरी आली, की ज्येष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे सर्कशीतले खूळ घरात कशाला? प्रश्न स्वाभाविक आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली, पुढे देवल, कार्लेकर अशा मराठी सर्कशी निघाल्या, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी एकचाकी पाहिली ती तंबूतच. परंतु जपानमध्ये प्राथमिक शाळांच्या मैदानांवर ती मुलांसाठी सहज ठेवलेली असते. मोकळ्या हवेत चालवण्याचे ते एक निखळ मौजेचे साधन आहे. या वेळी त्याविषयी लिहायचे कारण मात्र आपल्या वयाशी निगडित आहे. नातवाच्या त्या एका चाकात वार्धक्यातल्या पडण्याचे सारे शास्त्र दडलेले आहे.

दुचाकी मुख्यतः डावी-उजवीकडे कलंडते. एकचाकी चारी दिशांना कलंडते. पुढे झोक गेला तर पायडल जोराने मारून चाक पुढे न्यावे लागते, मागे गेला तर पाय रोखावे लागतात, आणि बाजूला गेला तर चाकाचे तोंड त्या बाजूला वळवावे लागते. थोडक्यात, शरीर जिकडे पडते तिकडे चाक धावत जाऊन त्याच्याखाली उभे राहते. आता आपले चालणे पाहा. प्रत्येक पावलागणिक आपण किंचित पुढे पडत असतो आणि पुढचे पाऊल वेळेवर त्या पडत्या शरीराखाली येते. साठीनंतर ठेच सगळ्यांनाच लागते. पण ज्याचे पाऊल चटकन पुढे येते तो सावरतो, ज्याचे पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा आणि चार बोटे आखूड पडते तो कोसळतो. फरक तेवढाच असतो.

हे पाऊल वेळेवर यावे यासाठी तीन ठिकाणांहून मेंदूकडे वर्दी जाते : डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या नलिका आणि तळपाय-घोट्यांतील संवेदना. मोतीबिंदू पिकलेला असेल, मधुमेहाने तळपाय बधिर झालेले असतील, किंवा कूस बदलताच घरदार फिरत असेल, तर तिघांपैकी एक वार्ताहर गैरहजर आहे असे समजावे. उरते ते मांड्यांचे बळ. तेही न वापरल्याने जाते. खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठता न येणे ही त्याची पहिली खूण.

ब्राझीलमधील डॉक्टरांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ व्यक्तींना एका पायावर १० सेकंद उभे राहण्यास सांगण्यात आले. ज्यांना ते जमले नाही त्यांच्यात पुढील सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका, वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही, ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ मुळीच नाही. तोल हा अंगातील एकूण ताकदीचा आरसा आहे, इतकेच. आरशात पाहण्यास मात्र हरकत नसावी. स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोन्ही हात टेकवून, घरातील कोणाला तरी मागे आणि आपल्या दुबळ्या बाजूला उभे करून, एक पाय जमिनीपासून वितभर उचलावा. आधी दोन्ही हातांचा आधार, काही दिवसांनी एका हाताचा, मग केवळ एका बोटाचा. त्यानंतर ओटा धरूनच चार पावले डावीकडे, चार उजवीकडे. पाय मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नकोत. अनवाणी असावेत किंवा मागे पट्टा असलेल्या चपलेत.

आपल्या भूगावात तोलाचे महत्त्व सांगावे लागू नये. २०१७च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीचे सामने याच गावाने भरवले होते. तालमीत डावांच्या आधी पडायला शिकवतात, हे कोणताही वस्ताद सांगेल. एकचाकीचेही तसेच आहे. सायकल सुटली की सोडून द्यावी, तिला वाचवायला जाऊ नये, आणि दोन्ही पायांवर उतरावे. शिकणारे मूल दहा-पंधरा तासांच्या सरावात थोडे अंतर कापू लागते, आणि तोवर शेकडो वेळा उतरते. हेल्मेट, मनगटांचे पट्टे आणि नडगीवरची कवचे हवीतच. पायडल नडगीवर आदळते तेव्हा डोळ्यांत पाणी आणते.

जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. पौड रस्त्याचे नावही काढू नये. मोठ्या गाड्यांची ती वर्दळ धडधाकट दुचाकीस्वारांनाही पेलत नाही. आपला परिसर चढ-उताराचा आहे आणि एकचाकीला दुचाकीसारखे पाय थांबवून उतारावरून घरंगळता येत नाही. चाक फिरते तितके पायडल फिरतेच. म्हणून चढापेक्षा उतार अवघड. सोसायटीच्या आवारातला सपाट पट्टा, शाळेचे मैदान, कुंपणाच्या जाळीलगतची फरसबंदी, यांपैकी काहीही चालेल. आणि मुळशीच्या पावसात शेवाळलेल्या सिमेंटवर कोणीही, कोणत्याही वयाने, हा प्रयोग करू नये.

आता मी ज्यासाठी लेखणी उचलली तो मुद्दा. मूल शिकत असताना आजोबांचा खांदा किंवा आजीचा हात हा त्याचा आधार असता कामा नये. तीस किलोचे मूल कोसळताना पकडलेला हात ओढते, आणि सुटलेली सायकल पुढे किंवा मागे सणकन निसटून घोट्यावर आदळते. मूल उठून हसते. सत्तरीतल्या आजी मात्र उठत नाहीत. हाडे ठिसूळ झालेली असताना खुब्याचा सांधा मोडला तर शस्त्रक्रिया, अंथरूण, छातीत कफ, पायांत रक्ताच्या गुठळ्या अशी मालिका सुरू होऊ शकते. पुष्कळ वृद्ध त्यानंतर पूर्वीसारखे चालत नाहीत. आधार कुंपणाचा घ्यावा. ज्येष्ठांनी खुर्ची टाकून मुलाच्या मार्गाच्या बाजूला, चांगले तीन-चार मीटर दूर बसावे. समोर किंवा पाठीमागे नव्हे. लांबूनही कौतुक पुरेसे ऐकू जाते.

बसल्याजागी आजोबांना करण्याजोगे एक काम आहे, आणि ते त्यांच्याइतके चांगले घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. सायकलींचे शहर म्हणून पुणे ओळखले जात होते त्या काळातली ही पिढी. पितळी बिल्ला, रात्री दिवा नसल्याचा दंड, डबलसीटची धास्ती हे सारे तिने भोगले आहे, आणि पाना हातात धरायला तिला कोणी शिकवावे लागत नाही. एकचाकीची निगा सोपी, पण तिची एक खोड दुचाकीत सहसा जाणवत नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सीट उलटी बसवून सायकल मागची पुढे चालवली, तर पायडल मारता मारताच पायडल सैल होत जाते आणि आटे कायमचे खराब होतात. म्हणून पायडलच्या दांडीवरची ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरे चष्मा लावून वाचावीत आणि ‘एल’ डाव्या पायाखाली येते आहे ना, हे पाहावे. नव्या सायकलीचे क्रँकचे नट पहिल्या चार-सहा फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत. सैल क्रँकवर चालवत राहिल्यास त्याचे भोक मोठे होते, मग क्रँक बदलण्यावाचून गत्यंतर नाही. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत ठेवावी. आरे बोटांनी चाचपून एखादा ढिला लागतो का ते पाहावे. सीटची उंची अशी असावी, की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकली तर गुडघा जवळजवळ सरळ होईल. सीट फार खाली राहिली तर मुलाचे गुडघे दुखतात आणि दोष सायकलीला लागतो.

साखळी नाही, त्यामुळे तेलाचे काम जवळपास नाहीच. पावसात भिजली तर कोरड्या फडक्याने पुसावी, सीटचा दांडा बाहेर काढून त्याला ग्रीसचा हात द्यावा, आणि टायर किंवा पायडलच्या तळव्याला तेल लागू देऊ नये. आपल्याकडच्या ओल्या गॅलरीत ती चार महिने उभी ठेवली तर बेअरिंग कुरकुरू लागतील. हे सारे स्टुलावर बसून करावे, उकिडवे बसून नव्हे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून काम केल्यावर एकदम उभे राहू नये. आधी मिनिटभर सरळ बसावे, मग काहीतरी धरून उठावे. मधुमेहींनी हातमोजे घालावेत, आरा बोचला तर लगेच कळत नाही.

‘डॉक्टर, मीच बसलो तर?’ असेही मला विचारले जाते. विचारणाऱ्यांचे डोळे चमकत असतात, म्हणून उत्तर देणे जिवावर येते. साठीनंतर पहिल्यांदा एकचाकी शिकू नये. ज्यांची दुचाकी सुटलेली नाही त्यांनी ती जरूर चालवावी. बुटक्या, आडवा दांडा नसलेल्या सायकलीवर, सीट दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली घेऊन, पहाटे मानस तलावाच्या बाजूच्या निवांत रस्त्याने. गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सोयीची पडते. हाडांना मात्र तिचा फारसा लाभ नाही, त्यांना अंगाचा भार लागतो, त्यामुळे थोडे चालणे सोडू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, चक्कर येत असेल किंवा झोपेची गोळी घेत असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांची पिशवी नेऊन दाखवा. सांभाळणाऱ्यांनीही ती पिशवी एकदा उलगडून पाहावी. झोपेची गोळी कित्येकदा जुन्या चिठ्ठीवरूनच वर्षानुवर्षे चालू राहिलेली असते.